बोलताना लिनक्स, कागदावर ग्नू/लिनक्स

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून नगरच्या सावेडीत, पाइपलाइन रोडला म्हणा किंवा गुलमोहर रोडला म्हणा, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एकच संवाद कानावर पडतो. गिऱ्हाईक जुना पीसी काउंटरवर ठेवतं. दुकानदार झाकण काढून बघतो आणि म्हणतो, "काका, याच्यावर विंडोज ११ नाही चढायचं. लिनक्स मारून देऊ का? फुकट असतंय, व्हायरसची कटकट नाही." काका मान डोलावतात. बिलावर 'ओएस लोडिंग' एवढं लिहिलं जातं आणि व्यवहार संपतो.

घरच्या पीसीपुरतं ते चालून जाईल. पण हेच जुने पीसी महापालिकेच्या टेबलांवर आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत, कॉलेजांच्या लॅबमध्ये आहेत. तिथेही 'ओएस लोडिंग' एवढ्यावर भागवलं तर काय बिघडतं, ते पुढच्या मुद्द्यांत मांडतो.

१. कुणी काय केलं

लिनक्स हे कर्नलचं नाव आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचा वापर कुणी किती करायचा हे ठरवणारा गाभा म्हणजे कर्नल. वापरणाऱ्याचा त्याच्याशी थेट संबंध क्वचित येतो. फाइलींची यादी पाहणं, कॉपी करणं, टाइप केलेली आज्ञा समजून घेणारं शेल, सी भाषेतला प्रोग्रॅम चालण्याजोगा करणारा कंपायलर आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सी लायब्ररी, हा सगळा सरंजाम ग्नू प्रकल्पातून आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो प्रकल्प २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केला आणि जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीतली नोकरी सोडून ते कामाला लागले. जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये आला, बॅश हे शेल १९८९ मध्ये. कोड बदलून वाटण्याची मोकळीक देणाऱ्या ग्नूच्या जीपीएल परवान्याची पहिली आवृत्तीही १९८९ चीच. कर्नल मात्र रखडलं. 'हर्ड' नावाच्या त्यांच्या कर्नलचं काम १९९० मध्ये सुरू झालं आणि रोजच्या वापराजोगं ते आजही झालेलं नाही.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस तोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत, असं जाहीर केलं. त्या छोट्याशा निवेदनातच त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: आपलं काम ग्नूसारखं मोठं आणि व्यावसायिक होणार नाही, आणि बॅश व जीसीसी आपल्याकडे चालू लागले आहेत. म्हणजे पुढे ग्नूच्या ज्या ऋणावरून इतकी वर्षं भांडण चाललं, ते खुद्द कर्नल लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. 'लिनक्स' हे नावही त्यांच्या पसंतीचं नव्हतं. त्यांना 'फ्रीक्स' ठेवायचं होतं. ज्या सर्व्हरवर फाइली ठेवल्या तिथले आरी लेम्के यांना ते रुचलं नाही, त्यांनी फोल्डरला 'लिनक्स' नाव दिलं आणि तेच चिकटलं. १९९२ च्या सुरुवातीला तोरवाल्ड्स यांनी कर्नलला जीपीएल परवाना लावला. ग्नूचा सरंजाम आणि हे कर्नल मिळून एक पूर्ण, मोकळेपणाने वाटता येणारी सिस्टीम उभी राहिली.

म्हणून या पूर्ण सिस्टीमला 'ग्नू/लिनक्स' म्हणा, असा ग्नूवाल्यांचा आग्रह. त्यासाठी ते प्रमाणाचा हिशेब देतात तो असा: नव्वदच्या दशकात एका सीडी विक्रेत्याने आपल्या 'लिनक्स' सीडीवरचा कोड मोजला, तर ग्नूचा वाटा सुमारे २८ टक्के निघाला आणि कर्नलचा ३. २००८ मध्ये दुसऱ्या एका वितरणात, म्हणजे कर्नल आणि बाकीचा सरंजाम एकत्र बांधून दिलेल्या तयार संचात, हेच आकडे १५ आणि दीड टक्का असे होते. पक्षकाराने दिलेले आकडे आहेत, तसेच ते वाचावेत. आणि उरलेल्या सुमारे ७० ते ८३ टक्क्यांचे मालक कोण, हा प्रश्न याच आकड्यांतून उभा राहतो. त्याकडे तिसऱ्या मुद्द्यात येतो.

२. लॅबमध्ये बसून पाहण्यासारखं

बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्या कुठल्याही मुलाला सांगा, टर्मिनल उघड आणि 'एलएस' या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा देऊन 'व्हर्जन' लिही. एलएस म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी, दिवसातून शंभरदा वापरली जाणारी आज्ञा. स्क्रीनवर आधी 'ग्नू कोअरयुटिल्स' असं येतं, मग परवाना, मग ते बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक तुम्हाला आहे असं एक वाक्य, आणि शेवटी लिहिणाऱ्यांची नावं: रिचर्ड एम. स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी. बॅशलाही असंच विचारून पाहा, तेही स्वतःला 'ग्नू बॅश' म्हणवतं. 'यूनेम' या आज्ञेला कर्नलचं नाव विचारलं तर उत्तर येतं लिनक्स. ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव विचारलं तर उत्तर येतं ग्नू/लिनक्स.

यंत्र इतकं स्वच्छ सांगत असताना जर्नलच्या पहिल्या पानावर 'ऑपरेटिंग सिस्टीम: लिनक्स' लिहिलं जातं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांतली मुलं 'लिनक्सचा जनक कोण' याचं एका शब्दाचं उत्तर पाठ करतात. कर्नलपुरतं ते बरोबरच आहे. पण प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कर्नल नसतं, पूर्ण सिस्टीम असते.

३. "हा नुसता श्रेयवाद आहे"

हा आक्षेप नगरमध्ये सगळ्यात आधी येणार. एका रस्त्याच्या डांबरीकरणाचं श्रेय घ्यायला तीन फ्लेक्स लागतात आणि कुणाचा फोटो केवढा यावरून कार्यकर्त्यांत जुंपते, हे पाहिलेला माणूस म्हणणार की स्टॉलमनबुवांचंही तेच चाललंय. शिवाय माणूस हेकट. २०१९ मध्ये काही वक्तव्यांवरून गदारोळ झाला आणि त्यांना ग्नू प्रकल्पामागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडावं लागलं. २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले तेव्हा पुन्हा वाद झाला. मला त्यांचा बचाव करायचा नाही. जीसीसी त्यांच्या स्वभावावर चालत नाही.

आक्षेपातला जोरकस भाग वेगळा आहे. ग्नूचं नाव जोडायचं तर डेस्कटॉप देणाऱ्या केडीईचं का नको, फायरफॉक्सचं का नको, खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टीमचं का नको? तोरवाल्ड्स यांना सरसकट सगळ्याला ग्नू/लिनक्स म्हणणं हास्यास्पद वाटतं, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे हाच प्रश्न विचारतात. ग्नूवाल्यांचं उत्तर असं की एक सुटा प्रोग्रॅम देणं आणि पूर्ण सिस्टीम उभारायची म्हणून वर्षानुवर्षं एकेक भाग घडवत जाणं यांत फरक आहे, पूर्ण सिस्टीमचा संकल्प फक्त त्यांचा होता. मला हे उत्तर पटतं, पण पूर्ण पटत नाही. संकल्प हा नावात मानाचं पान मिळण्याइतका पुरावा नव्हे. जे प्रत्यक्ष आत आहे तेवढ्याचंच नाव यावं.

आणि हा नियम ग्नूलाही लागू करावा लागेल. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नल आहे, पण ग्नूची सी लायब्ररी नाही. गूगलची बायॉनिक आहे. त्याला ग्नू/लिनक्स म्हणणं चूक. अल्पाइन नावाचं छोटं वितरण ग्नूच्या ऐवजी मसल आणि बिझीबॉक्स वापरतं. तेही त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबंटू २५.१० ने तर वर सांगितलेल्या कोअरयुटिल्सच्या जागी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या आज्ञा बसवल्या, आणि त्यांचा परवाना जीपीएल नव्हे, एमआयटी आहे. तिथे ग्नूचा वाटा कमी झाला. लायब्ररी आणि शेल अजून ग्नूचीच आहेत, म्हणून आज नाव टिकतं. उद्या तीही बदलली तर नाव बदलावं. नाव म्हणजे कायमस्वरूपी पेन्शन नाही.

गंमत अशी, की ग्नूला गाळून सगळं श्रेय ज्या लिनक्सला मिळालं, ते नावही आता पुसट होत चाललं आहे. अँड्रॉइडच्या जाहिरातीत लिनक्स शोधून सापडत नाही. क्रोमबुकवर नाही, उबंटूच्या खोक्यावरही ठळक नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडून खाली खाली गेलात तर 'कर्नल आवृत्ती' अशी एक ओळ असते, तेवढंच.

४. नगरकराला हे समजवावं लागू नये

ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं सरकारी नाव अहिल्यानगर झालं. त्याआधी ते अहमदनगर होतं. बोलताना आपण तेव्हाही 'नगर' म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पुण्याहून निघणाऱ्या एसटीचा कंडक्टर 'नगर, नगर'च ओरडतो, आणि कुणी त्याला टोकत नाही. पण सातबाऱ्यावर, जन्माच्या दाखल्यावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसतं 'नगर' चालत नाही. तिथे पूर्ण नाव, तालुका, जिल्हा लागतो, कारण त्या कागदावरून पुढे कुणाचा तरी हक्क ठरायचा असतो.

माझी मागणी एवढीच आहे. चहाच्या टपरीवर कुणी 'लिनक्स टाकलंय' म्हणालं तर त्याला दुरुस्त करत बसू नये. स्टॉलमन यांची मंडळी तसं करत आली आणि त्यामुळे त्यांच्या बाजूचं नुकसानच झालं. ज्याला नुकतंच काही नवं मिळालंय, त्याला पहिल्याच वाक्याला अडवलं की तो पुढचं ऐकत नाही. पण निविदा, दरपत्रक, डेडस्टॉक रजिस्टर, अभ्यासक्रम, प्रमाणपत्र इथे पूर्ण नाव आलंच पाहिजे.

५. नावाबरोबर हक्क येतो

'लिनक्स' म्हटलं की दुकानदारापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात 'फुकट' एवढंच येतं. ग्नू म्हटलं की कुणीतरी विचारतं, हे काय? मग सांगावं लागतं, की ही एक चळवळ आहे आणि तिने चार मोकळिकी मागितल्या: कोणत्याही कामासाठी चालवण्याची, आत काय आहे ते पाहून बदलण्याची, प्रती वाटण्याची आणि बदललेली प्रतही वाटण्याची. फुकट मिळणं हा त्यातून निघालेला फायदा आहे.

याचा व्यवहारात अर्थ काय? समजा, एखाद्या संस्थेने आपल्या चाळीस पीसींवर 'लिनक्स' बसवून घेतलं आणि पुरवठादाराने प्रत्येक पीसीमागे 'लायसन्स फी' लावली. बसवण्याची, शिकवण्याची, वर्षभर देखभाल करण्याची मजुरी त्याने घ्यावी, अगदी चोख घ्यावी. पण डेबियनसारख्या मुक्त वितरणाच्या लायसन्सची फी कुणाला देणार? रजिस्टरमध्ये 'डेबियन ग्नू/लिनक्स, परवाना जीपीएल व इतर मुक्त परवाने' असं लिहिलेलं असेल तर ऑडिटरला त्या फीवर बोट ठेवता येतं. उलट बाजूनेही. ऑडिटर विचारतो, सॉफ्टवेअरचं बिल कुठाय? 'फुकट मिळालं' हे उत्तर सरकारी कार्यालयात संशय वाढवतं, चोरीचं विंडोजही फुकटच मिळतं. परवान्याचं नाव लिहिलेलं असेल तर उत्तर रजिस्टरमध्येच तयार असतं.

दुसरा हक्क याहून मोठा. जीपीएलमधलं सॉफ्टवेअर कुणी यंत्रात घालून विकलं, तर घेणाऱ्याला त्याचा मूळ कोड मिळाला पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने व्हिझिओ कंपनीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर, आणि ग्राहक या नात्याने: आम्ही तुमचा टीव्ही विकत घेतला, आतला जीपीएल कोड द्या. आपल्या चौकाचौकांत लागलेल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये, राउटरमध्ये असाच कोड असण्याची शक्यता भरपूर आहे. पण यंत्रात काय आहे हे करारात लिहिलेलंच नसेल तर मागणार काय आणि कशाच्या आधारावर?

६. 'स्वदेशी' म्हणताना पाया सांगा

जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासकडून 'भरोस' ही मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम आली. २४ जानेवारीला अश्विनी वैष्णव आणि धर्मेंद्र प्रधान या केंद्रीय मंत्र्यांनी ती चालवून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी मथळे 'स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम'चे. तिचा पाया गूगलच्या अँड्रॉइड मुक्त स्रोत प्रकल्पाचा, त्याखाली लिनक्स कर्नल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या 'माया' या ऑपरेटिंग सिस्टीमची बातमी आली. तिचा पाया उबंटूचा, उबंटूचा पाया डेबियनचा.

यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. दुसऱ्याच्या मोकळ्या कामावर आपलं काम उभं करणं हाच या जगाचा रिवाज आहे, डेबियनवर उबंटू आणि उबंटूवर मिंट असंच उभं आहे. सुरक्षेसाठी नको ती अ‍ॅप काढून टाकणं, अपडेट कुठून येणार यावर ताबा ठेवणं ही खरी कामं आहेत आणि त्यांचं श्रेय त्या अभियंत्यांना मिळालंच पाहिजे. आक्षेप पाया लपवण्याला आहे. पाया लपवला की दोन नुकसानं होतात: ज्याने पाया घातला त्याचं नाव बुडतं, आणि आपल्या माणसाने नेमकं काय केलं तेही कळत नाही. सगळंच केलं असं म्हटलं की शहाणा माणूस काहीच केलं नसेल असं धरून चालतो.

हे नीट करण्याचे दाखले देशातच आहेत. सी-डॅकचं मुख्यालय पुण्याचं, पण त्याच्या चेन्नई केंद्राने डेबियनवरून 'बॉस' ही सिस्टीम केली, २००७ मध्ये ती आली. तिचं नाव सी-डॅक 'बॉस ग्नू/लिनक्स' असं लिहितं. केरळात सरकारी शाळांसाठी जी आवृत्ती तयार होते तिचं नाव 'काइट ग्नू लिनक्स'. काइट ही तिथल्या शिक्षण खात्याची संस्था. स्वतःचं नाव आधी, उसनं घेतलेल्याचं नाव पाठोपाठ. दहावीतल्या मल्याळी मुलाला ग्नू हा शब्द शाळेतच भेटतो. आपल्या मुलाला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत भेटत नाही, आणि भेटला तर तोंडीपरीक्षेत.

७. आणि मराठीचं काय?

स्टॉलमन आणि तोरवाल्ड्स यांच्या श्रेयाची काळजी जगभरचे लोक घेतीलच. या सिस्टीमवर आज मराठी दिसते, उमटते, टाइप होते, ती कुणामुळे, हे सांगायला मात्र आपल्याशिवाय कुणी येणार नाही. आणि तिथे आपली पाटी बरीचशी कोरी आहे.

मुंबईच्या व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शाह आणि त्यांचा इंडिकट्रान्स गट यांनी 'गार्गी' हा युनिकोड देवनागरी फॉन्ट जीपीएलखाली दिला. डेबियनमध्ये तो आजही पॅकेज म्हणून मिळतो. मुंबईच्याच एनसीएसटीत, म्हणजे आताच्या सी-डॅक मुंबईत, र. कृ. जोशी यांनी 'रघू' केला. हे तेच र. कृ. जोशी, कवी आणि सुलेखनकार. विंडोजवर ज्या 'मंगल'मध्ये सरकारी मराठीची कोट्यवधी पानं टाइप झाली, तोही त्यांच्याच देखरेखीखाली घडला, विनय सायनेकर यांच्यासोबत. मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टच्या नोंदीत दोघांची नावं आहेत. तलाठी कार्यालयात 'मंगल फॉन्टमध्ये टाइप करून आणा' असं रोज सांगितलं जातं, तिथे ती कुणाला ठाऊक असतील असं वाटत नाही. मग 'लोहित'. रेड हॅटने तो २००४ मध्ये जीपीएलखाली प्रसिद्ध केला, २०११ मध्ये त्याला फॉन्टसाठीचा वेगळा मुक्त परवाना लावला, आणि कंपनीच्या पुणे कार्यालयातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं त्याची डागडुजी केली. 'लोहित मराठी' असा वेगळा फॉन्ट होता, तो पुढे 'लोहित देवनागरी'त मिसळला. बोलताना आपण एवढंच म्हणतो: "सिस्टीमचा फॉन्ट आहे तो."

याहून अनामिक जमात भाषांतरकारांची. मेनूमध्ये 'उघडा', 'साठवा', 'रद्द करा' दिसतं, ते एका साध्या मजकूर फाइलीतून येतं. वर इंग्रजी ओळ, खाली मराठी ओळ, अशा हजारो जोड्या. ही व्यवस्था ग्नू गेटटेक्स्टची. कल्पना आधी सन मायक्रोसिस्टीम्सची, मुक्त रूप ग्नूचं, १९९५ मधलं. म्हणजे मराठी मेनू ज्या रस्त्याने स्क्रीनवर येतो तो रस्ताही ग्नूचाच. कळफलकाच्या शॉर्टकटसाठी मराठी शब्दापुढे कंसात एकेक रोमन अक्षर बसवावं लागतं, ते प्रत्येक ओळीत कुणीतरी हाताने बसवलेलं असतं. फाइलीच्या माथ्यावर शेवटच्या भाषांतरकाराचं नाव आणि 'भाषा-गट: मराठी' अशी नोंद असते. ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रोग्रॅममध्ये तर एक ओळ मुद्दाम यासाठीच ठेवलेली आहे: इंग्रजीत तिथे 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' असतं, भाषांतरकाराने त्याच्या जागी आपलं नाव लिहायचं, की ते 'विषयी'च्या खिडकीत दिसू लागतं. व्यवस्थेने जागा ठेवली आहे. ती खिडकी उघडण्याचे कष्ट आपण घेत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. धडा संपताना आवाज देणारी व्यक्ती नाव सांगून निरोप घेते. दोन सेकंदांचं काम. श्रेय देण्याची याहून स्वस्त पद्धत मला माहीत नाही.

८. अति केलं की हसं होतं

श्रेयाचा नियम किती ताणायचा याचाही अनुभव आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या परवान्यात जुनी अट होती, की जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख एका ठरावीक वाक्यात करायचा. मग जो तो त्यात आपलं नाव घालून आपापली वाक्यं जोडू लागला. बीएसडीतूनच निघालेल्या नेटबीएसडीच्या १९९७ च्या आवृत्तीत अशी ७५ वाक्यं स्टॉलमन यांनी मोजली, आणि गंमत म्हणजे ही अट काढायला लावण्यात त्यांचाच पुढाकार होता. विद्यापीठाने ती जुलै १९९९ मध्ये काढली. म्हणून माझी मागणी जाहिरातीत, पोस्टरवर, भाषणात नावांची माळ लावण्याची नाही. नोंदीच्या कागदावर एक ओळ पुरे.

नावावर फार घट्ट मूठ धरली तरीही तिढा होतो. मोझिलाच्या ट्रेडमार्कच्या अटींमुळे डेबियनला २००६ पासून फायरफॉक्सला 'आइसवीझल' म्हणावं लागलं. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये ते मिटलं. 'लिनक्स' हे नावही एकाने अमेरिकेत १९९४ मध्ये आपल्या नावावर नोंदवायला घातलं आणि मग वापरणाऱ्यांकडे पैसे मागू लागला. १९९७ मध्ये तडजोड होऊन ते तोरवाल्ड्स यांच्याकडे आलं.

९. कायदा आणि कोर्ट

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात, आणि कलम ५७ लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा हक्क देतं, कॉपीराइट विकून टाकला तरी तो उरतो. तेव्हा हा प्रश्न निव्वळ सौजन्याचा नाही.

लेखकत्वाची नोंद ठेवावी लागते, हे कर्नलवाल्यांना ठेच लागून कळलं. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, की आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला. दुसऱ्या वर्षीपासून कर्नलमध्ये येणाऱ्या प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून नाव आणि ईमेल पत्त्यासह सही येऊ लागली. कोणती ओळ कुणी आणली, कुणाच्या हातून पुढे गेली, याची साखळी आज उघडून पाहता येते. ज्यांच्यावर श्रेय लाटल्याचा आरोप होतो, त्यांचीच नोंदवही सगळ्यात चोख आहे, हेही इथे नोंदवलं पाहिजे.

१०. सावेडीत काय करता येईल

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. मुक्त पर्याय का घेतला नाही, याचं कारण खात्याने द्यावं, अशी त्यात अपेक्षा आहे. राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर ते आपसूक बंधनकारक नाही, पण उचलायला आडकाठीही नाही. महापालिकेच्या सावेडी प्रभाग कार्यालयापासून सुरुवात करता येईल: संगणक खरेदीच्या किंवा देखभालीच्या पुढच्या निविदेत 'सॉफ्टवेअर' हा एक रकाना आहे त्याचे चार करावेत. वितरणाचं पूर्ण नाव व आवृत्ती, ते कशावर आधारलेलं आहे, परवाना कोणता, आणि पुरवठादार पैसे नेमके कशाचे घेतोय, बसवण्याचे, शिकवण्याचे की दुरुस्तीचे. सीसीटीव्ही, राउटर, डिजिटल फलक यांच्या खरेदीतही हेच चार रकाने लागतील, आणि आत जीपीएल कोड असेल तर तो मागितल्यावर मिळेल असं एक वाक्य करारात.

शाळा-कॉलेजांनी जर्नलचं पहिलं पान दुरुस्त करावं, बस्स. त्याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. ज्या लॅबमध्ये मराठी इंटरफेस लावलाय तिथल्या शिक्षकांनी एका तासाला 'विषयी'ची खिडकी उघडून त्यातली नावं मुलांना वाचायला लावावीत, आणि ज्या मुलांना मेनूतलं एखादं भाषांतर चुकलेलं किंवा बोजड वाटेल त्यांना ते दुरुस्त करून पाठवायला शिकवावं. पाठवणाऱ्याचं नाव त्या फाइलीत जाईल.

दुकानदारांसाठी तर काम आणखी सोपं आहे. बिलात 'ओएस लोडिंग'च्या जागी 'लिनक्स मिंट, उबंटूवर आधारित ग्नू/लिनक्स, परवाना मुक्त, आकार फक्त बसवण्याचा' एवढं छापून घ्यावं. बिलबुकाची पुढची छपाई होईलच, तेव्हा एक ओळ वाढवायला प्रेसवाला जादा पैसे घेत नाही.